वाऱ्याची सूचना

प्रिय मल्हार,

मी, नानासाहेब आबाराव जिवरग, बी.कॉम., मूळ राहणार देवगाव रंगारी, हल्ली मुक्काम छत्रपती संभाजीनगर, 'खाम वार्ता' या केबलवरच्या स्थानिक वाहिनीचा परवापरवापर्यंतचा कार्यालयीन व्यवस्थापक, हे पत्र तुला दोन कारणांनी लिहितो आहे. पहिले कारण असे, की मी आता त्या वाहिनीत नाही आणि हे तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये. दुसरे कारण तुझा रविवारचा फोन. त्याचे उत्तर मी शेवटी लिहिले आहे. आधी लिहिले तर मधले तू वाचणार नाहीस. या सुरुवातीवर तू हसशील. शाळेत रजेच्या अर्जात मी 'सविनय' आणि 'कळावे' घातल्यावाचून राहत नसे, आणि तू मात्र गुरुजींच्या पुढ्यात उभा राहून 'मेंढी व्याली, उद्या येत नाय' एवढे सांगून मोकळा व्हायचास. रजा दोघांनाही मिळायची. पण आता या वयात माझ्यात सुधारणा होईल असे मला वाटत नाही.

रविवारी तू विचारलेस, 'नाना, टीव्हीवर तुझा आवाज आलाय. म्हाळसा मेंढरं कोंडून बसली. आजचं खरं हाय का?' मी म्हटले, पत्र लिहितो. त्यावर तू चिडलास. 'व्हय का नाय, एका शब्दाचं काम, अन् तू ते पोस्टानं धाडणार?' तुझे चिडणे रास्त होते. म्हाळसावहिनींनी कळप रानात सोडायचा की वाड्यात ठेवायचा, एवढाच प्रश्न होता. त्याला एका शब्दाचे उत्तर देता येईल असे दिवस होते, आणि ते दिवस कसे आले व कसे गेले हे तुला एकदा नीट क्रमाने सांगायला हवे.

मी त्या वाहिनीत हिशेबनीस म्हणून लागलो हे तुला ठाऊक आहे. पडद्याच्या तळाशी जी अक्षरे सरकत जातात, त्यांना आम्ही पट्टी म्हणायचो. पट्टीवर साड्यांचा सेल, शिकवणीचे वर्ग, वाढदिवसाच्या शुभेच्छा, दशक्रियेची वेळ, आणि सगळ्यांच्या शेवटी, जागा उरली तर, हवामान. एकदा एका चालत्याबोलत्या पुढाऱ्याच्या नावापुढे 'हार्दिक शुभेच्छा' ऐवजी 'भावपूर्ण श्रद्धांजली' सरकत गेली. दुपारपर्यंत त्यांच्या दारात माणसे गोळा झाली आणि पुढाऱ्यांना स्वतः गच्चीवर येऊन हात हलवावा लागला. तेव्हाचे मालक काकासाहेब यांनी मला बोलावून सांगितले, 'नाना, आजपासून पट्टीवरचं एक अक्षरबी तुमच्या नजरेखालून गेल्याबिगर सुटायचं नाही.' अशा रीतीने साड्यांबरोबर आभाळही माझ्याकडे आले.

हवामान खात्याचा मजकूर जसा येई तसाच आम्ही लावत असू. सगळेच तसे करतात. 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह गारपिटीची शक्यता.' खात्याच्या भाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे मोजक्या, एकमेकांपासून दूर असलेल्या जागी. पण त्या जागी जे पडेल ते पुरेपूर पडेल. हा अर्थ मला माहीत होता, आणि सगळ्यांना माहीत असेल असे मी धरून चाललो होतो. मग ती गारपीट झाली. तुझी बरीचशी कोकरे त्या एका दुपारी गेली. मी भेटायला आलो, तेव्हा वहिनींनी चहाची कपबशी माझ्यापुढे ठेवली आणि जराही आवाज न चढवता म्हणाल्या, 'भावजी, तुमच्या टीव्हीवर तुरळक लिवलं व्हतं. तुरळक म्हंजी चार थेंब. चार थेंबाला कुणी मेंढरं आत घेतं का?' तू मध्ये पडून म्हणालास, 'अगं, ते वरून आलेलं लिवतेत, त्येंचं काय चुकलं?' त्या म्हणाल्या, 'मी कुठं म्हनते चुकलं. म्या आपला अर्थ सांगितला.'

त्या दिवसानंतर 'तुरळक' हा शब्द मी पट्टीवरून काढून टाकला. पण शब्द काढणे सोपे होते. त्याच्या जागी गावाचे नाव घालायचे तर ते आणायचे कोठून? खात्याचा इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो. त्यांच्यापाशीही गावाचे नाव नसते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ते नाव आम्हाला सापडले ते तक्रारीच्या फोनवर. आमच्याकडे तक्रारी घ्यायला आशाबाई बसायच्या. तू त्यांना एकदा भेटला आहेस. तुला पाहताच 'घोंगडी विकायला आलात का पावणे' म्हणाल्या होत्या, त्याच. चैत्र-वैशाखात दुपार कलली की त्यांचा फोन वाजू लागे, 'चित्र गेलं,' 'लाईट गेली,' 'वायर तुटली.' एकदा त्या वैतागून मला म्हणाल्या, 'साहेब, हे लोक ठरवून फोन करतात की काय? आधी वैजापूरवाले बोंबलतात, मग देवगाववाले, मग दौलताबादवाले, आणि मग माझ्याच घरची लाईट जाते.' मी हातातले काम ठेवले आणि त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले. वादळ ज्या वाटेने येत होते त्याच वाटेने तक्रारी येत होत्या. वैजापूरकडे वारा सुटला की तिकडची लाईन पडते, वैजापूरवाले आशाबाईंना शिव्या देतात. आणि देवगावात त्या वेळी ऊन पडलेले असते आणि टीव्ही चालू असतो.

पुढचे सगळे त्यावर उभे राहिले. वैजापूरच्या लाईनवर बन्सी होता, करमाडला एक आणि बिडकीनला एक असे केबलवाले होते. आशाबाई त्यांना फोन लावून विचारायच्या, 'साधी लाईट गेलीय का वारा हाय?' वारा आहे असे कळले की मी पुढच्या गावांची नावे पट्टीवर टाकत असे: देवगाव रंगारी, अमुक तारीख, वारा व वीज. परतीच्या पावसात हेच उलट्या दिशेने चाले. तेव्हा करमाड आधी रडे. पण तूच एकदा फोनवर सांगितलेस, 'पट्टी वाचायला घरात हाय कोण? सून सैपाकात, म्हातारी आंधळी. बोललं तर कानावर तरी येईल.' त्या दिवशी बातम्या वाचणारी मुलगी रजेवर होती, म्हणून मीच खोलीत जाऊन बोललो, आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवले. 'खाम वार्ता. वाऱ्याची सूचना. जनावरे आत घ्या. झाडाखाली थांबू नका.' एवढेच. गाव आणि तारीख खाली पट्टीवर येणारच होती, म्हणून आवाजात ती घातली नाही. मी नियम करून दिला, की आशाबाईंना वाऱ्याची तक्रार आल्यावाचून तो आवाज लावायचा नाही. काकासाहेबांना वाटे, रोज लावावा, लोकांना आवडतो. मी म्हटले, साहेब, रोज लावला तर त्याची जाहिरात होईल.

त्या काळात तुमच्या गावाने माझे ऐकले. दारावरून जाणाऱ्या माणसानेही तो आवाज ऐकला तर तो वस्तीवर ओरडून सांगायचा. तुझी सून वहिनींना त्यांच्या बटणाच्या फोनवर सांगायची, 'आत्याबाई, तुमच्या भावजींचा आवाज आला,' आणि वहिनी पुढचे काही न विचारता कळप वळवायच्या. कधी वारा वाट बदलून जाई, आणि तू मला टोमणा मारायचास, 'आज तुझ्यामुळं मेंढरं उपाशी ऱ्हायली, नाना, वैरण धाड.' पण तू कधी 'ऐकू नका' म्हणाला नाहीस. सारे आयुष्य मी नेमके लिहिण्यात घालवले. नेमके लिहिलेले कोणाच्या तरी उपयोगी पडते आहे असे मला फक्त त्याच वर्षांत वाटले.

मग काकासाहेबांनी वाहिनी आणि सगळे जाळे विकले. त्यांचे वय झाले होते आणि मुलाला त्यात रस नव्हता, त्यांना मी बोल लावत नाही. नव्या मालकांनी सर्वप्रथम तक्रारीचा नंबर बदलला. आता तो कोठेतरी दूर वाजतो. एक यंत्र 'तुमची तक्रार नोंदवली आहे' असे म्हणते आणि फोन बंद होतो. आशाबाईंना घरी पाठवले. पट्टी बाहेरगावाहून तयार होऊन येऊ लागली, साऱ्या मराठवाड्याला एकच, आणि तिच्यात 'तुरळक ठिकाणी' परत आले. माझा आवाज मात्र त्यांनी ठेवला. तो त्यांना फार आवडला. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, पुढे-मागे पाण्याच्या टाकीची जाहिरात लावून, ते तो रोज वाजवू लागले. खाली गाव नाही, तारीख नाही. त्यांच्या एका तरुण अधिकाऱ्याने मला अतिशय नम्रपणे समजावले, 'सर, इशारा दिला नाही आणि वीज पडली, तर आपल्यावर येतं. रोज दिला, की कधीच येत नाही.' मी म्हटले, रोज दिला तर लोक ऐकणार नाहीत. तो म्हणाला, 'ऐकायचं की नाही हा त्यांचा प्रश्न आहे, सर.' मी लेखी हरकत घेतली. आवाज वाहिनीच्या मालकीचा आहे, असे मला लेखी उत्तर आले. माझ्याच घशाबद्दल ते असे म्हणत होते, आणि कागदोपत्री ते बरोबर होते.

कारभारीबद्दल मी तुला काय सांगणार? तो तुझा धाकटा भाऊ. तरी मला जे कळले ते लिहितो. चुकले असेल तेथे दुरुस्त कर. त्या दुपारी वहिनी आणि तो दोघे कळपाबरोबर होते. सुनेचा फोन आला. वहिनी म्हणाल्या, चला. कारभारी लिंबाखाली बसून भाकरी सोडत होता. तो म्हणाला, 'वयनी, ह्ये नाना तर आता रोजच वरडतंय. कालबी वरडलं, परवाबी वरडलं. त्याला वरडायचा पगार हाय. तुमी व्हा म्होरं, मी खाऊन येतो.' वहिनी अर्धा कळप घेऊन निघाल्या. बाकीचा अर्धा त्याच्याबरोबर त्या झाडाखाली राहिला, आणि वीज त्याच झाडावर पडली. त्याने विनोद केला होता, आणि विनोदात चूक काहीच नव्हती. मी खरोखरच रोज ओरडत होतो.

तेराव्याला मी आलो तेव्हा तुला एक गोष्ट सांगितली नाही. येताना मी वैजापूरला बन्सीकडे थांबलो होतो. तो म्हणाला, 'साहेब, त्या दिवशी आमच्याकडं दोन घंटे आधी समदी लाईन झोपली होती. मी स्वतः लावला की फोन, दहा वेळा. बाई म्हणती, तक्रार नोंदवली.' म्हणजे खरी सूचना त्या दिवशी आली होती. तिच्यावर देवगाव रंगारी हे नाव होते, आणि तिच्यात कारभारीला भाकरी खाऊन घरी पोचण्याइतका वेळही होता. फक्त ती ज्या कानांवर पडायची, ते कान तेथे राहिले नव्हते. आणि जी वाजली ती रोजचीच होती.

यानंतर जे झाले ते मला कधी कल्पनेतही सुचले नसते. नव्या मालकांनी कारभारीच्या मृत्यूची बातमी दाखवली आणि तिच्याखाली लिहिले, 'खाम वार्ताने दिला होता इशारा.' शब्दशः पाहिले तर ते खरे होते. त्यात खोडून काढावे असे एक अक्षरही मला सापडले नाही. दुसऱ्या दिवशी मी काम सोडण्याचा अर्ज दिला. त्यांनी तो मुदत पुरी झाल्यावर स्वीकारला आणि निरोपाला माझ्या गळ्यात हार घालून माझाच आवाज लावला. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

गाव आता त्या आवाजाला हसते, हे मला ठाऊक आहे. पोरे एकमेकांना घाबरवायला तो काढतात, हेही मी ऐकले. अख्ख्या गावात एकच माणूस तो ऐकतो, आणि ती म्हाळसावहिनी. श्रावणात मी आलो तेव्हा गवत गुडघ्याएवढे होते आणि तुझी मेंढरे वाड्यात उभी होती. ज्या दिवसांत मेंढीची पाठ भरते त्या दिवसांत त्यांच्या बरगड्या दिसत होत्या. तू म्हणालास, 'हिला सांग बाबा काहीतरी. सकाळी वाजला की कोंडती, दुपारी सोडावं तर पुन्हा वाजतो. झाडाची डहाळी तोडून आणून मी किती घालू? निम्मी तर इकावी लागली.' मी वहिनींकडे वळलो. त्या म्हणाल्या, 'भावजी, कारभाऱ्यानं ऐकलं न्हाई तर काय झालं ते मी बघितलंय. तुमचा आवाज आला की मला दुसरं काय सुचत न्हाई. समदे हसू द्या.' आणि मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, 'तुमी खोटं बोलनार न्हाई, एवढं मला कळतं.' मी चहा घेतला आणि परतीची गाडी धरली.

तेव्हापासून मी काहीतरी पर्याय शोधत होतो, म्हणून हे तुला तेव्हाच लिहिले नाही. बन्सीने लाईनचे काम सोडले आहे. तो आता मोबाईलची काचेची झाकणे विकतो. करमाडचा माणूस कंपनीत लागला. आशाबाई मुलीकडे गेल्या. मी स्वतः वैजापूरच्या ओळखीच्या दोन-तीन घरांना रोज फोन करून पाहिले; त्यांना वाटले मी काही मागतो आहे. मोबाईलवर जो सरकारी संदेश येतो तोही जिल्ह्यापुरताच असतो, 'तुरळक ठिकाणी', आणि वहिनींना तो वाचता येत नाही. पूर्वी शेकडो माणसे रागावून एका बाईला फोन करत होती, म्हणून आम्हाला वारा दिसत होता. तो राग आता यंत्रात जातो. तो पुन्हा गोळा करण्याची काही युक्ती मला सापडलेली नाही, आणि सापडेल असे मी तुला सांगणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. आजचे खरे आहे का, हे मला माहीत नाही. उद्याचे माहीत नसेल, आणि यापुढे कधीच माहीत नसेल. हे वहिनींना वाचून दाखव. त्यांना सांग, टीव्हीवर येतो तो घसा माझा आहे, सूचना माझी नाही. ती ऐकून मेंढरे कोंडू नका. हे सांगताना मला पुरते कळते आहे, की परतीचा पाऊस तोंडावर आला आहे, आणि रोज वाजणारी सूचना एखाद्या दिवशी पुन्हा खरी निघेल. त्या दिवशी वहिनी माझ्या शब्दाखातर रानात असतील. तेव्हा कोणी विचारले, इशारा दिला होता, मग ऐकला का नाही, तर हे पत्र पुढे कर. ऐकू नका असे मी सांगितले आहे. नव्या मालकांनी रोज सांगून आपल्यावरची जबाबदारी झटकली. ती कोणावर तरी पडणारच. ती तुझ्यावर पडू नये, आणि वहिनींनी ती स्वतःवर ओढून घेऊ नये, एवढ्यासाठी एका शब्दाचे काम मी पोस्टाने करतो आहे. त्या आवाजात गाव नव्हते आणि तारीख नव्हती. या पत्रावर दोन्ही घातली आहेत, आणि खाली सही केली आहे.

तुझाच,
नाना

(नानासाहेब आबाराव जिवरग)
छत्रपती संभाजीनगर
दि. १७ सप्टेंबर २०२४